मोर्णेच्या पाण्यातले मुळे

दर हिवाळ्यात माझाच एक फोटो माझ्या फोनवर परत येतो. पाठवणाऱ्याला तो माझा असल्याचं माहीत नसतं. कोपऱ्यातलं माझ्या स्टुडिओचं नाव कोणीतरी कधीच कापून टाकलंय. कधी तो गुजरातेतला म्हणून येतो, कधी दिल्लीकडचा. वर ठळक लाल अक्षरं असतात: भाजी खाण्याआधी हे एकदा बघा.

फोटोत साठीच्या आसपासची एक बाई काळ्या पाण्याच्या काठाशी उकिडवी बसली आहे. तिच्या दोन्ही हातांत पांढऱ्याफेक मुळ्यांच्या जुड्या आहेत आणि त्या अर्ध्या पाण्यात आहेत. पाण्यावर फेस, फेसात अडकलेलं लहान मुलाचं डायपर. चेहरा खाली झुकलेला असल्यामुळे नीट दिसत नाही, पण कपाळावरचं गोंदण दिसतं, आणि मनगटावरचं तर अगदी मोजून घ्यावं इतकं दिसतं. फोटो चांगला आहे. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते, पण चांगला आहे. काळं आणि पांढरं असं एकमेकांना भिडलेलं मला पुन्हा कधी जमलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तो बायकोच्या फोनवर आला. आम्ही आता अमरावतीला राहतो. ती स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती, मी समोर चहा पीत होतो. तिनं फोन माझ्यापुढे धरला.

“पाहा, तुमचा फोटो आला पुन्हा. कुठं कुठं फिरून राह्यला!” तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. मग तिनं स्वतः एकदा नीट पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. “ईऽ, अजूनही पाह्यला की मळमळते. काय घाणेरडी बाई हो!”

इतकी वर्षं मी हे वाक्य अनेकांच्या तोंडून ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी मान हलवली होती. त्या दिवशी कोण जाणे, मान हलली नाही.

“ती घाणेरडी नाही,” मी म्हणालो. “तिला तिथं मी बसवलं होतं.”

“म्हणजे?”

मी सांगितलं. पुष्कळसं सांगितलं, सगळं नाही. ती ऐकत होती तेव्हा तिचा हात मेथीच्या काड्यांत तसाच होता. मी थांबलो तेव्हा तिनं हातातली काडी परातीत टाकली. मग म्हणाली, “अन् मी तिच्या दुकानापुढून तोंड फिरवून जात होती, ते काहून?”

मी कप खाली ठेवला.

“एक दिवस तिनं मले हाक मारली होती. ‘बाई, इहिरीच्या पान्यानं धुतलं हाय,’ म्हने. मी नाकाले पदर लावला. तिच्या तोंडावर लावला मी पदर. तुमाले ठाऊक होतं अन् तुमी घरी जेवत होते!”

तिनं मेथीची परात पायानं बाजूला सारली. त्या रात्री आमच्याकडे पिठलं झालं.

तेव्हा आम्ही अकोल्यात होतो. जुन्या शहरात माझा स्टुडिओ होता. पुढे पासपोर्ट फोटोचं काउंटर, मागे पडदा आणि दोन छत्र्यांचे दिवे. पोट लग्नांवर चाले. पंचवीस वर्षं मी लोकांना ‘थोडं इकडे’, ‘हनुवटी खाली’, ‘हे हातात धरा’ असं सांगत आलो. ही सवय साधी नाही. समोरचं माणूस जसं आहे तसं मला दिसेनासंच झालं होतं. कुठं उभं केलं तर बरं दिसेल, तेवढंच दिसायचं.

मोबाइल आले, लग्नात ड्रोन उडवणारी पोरं आली, आणि माझं काम साखरपुडे आणि नामकरण यांवर येऊन थांबलं. रिकामा माणूस काहीतरी थोर करायला बघतो. मी मोर्णा नदीचे फोटो काढायचं ठरवलं. दर रविवारी सकाळी, पुलावरून, त्याच जागेवरून एक. मग काठानं खाली उतरून दिसेल ते.

पहिल्याच महिन्यात दिसलं ते असं. पाण्यावर जलकुंभी एवढी माजलेली की पाणी आहे हे फक्त वासावरून कळे. जिथं ती नसे तिथं पाण्याला रंग असे, आणि तो रंग वाराप्रमाणे बदले. कधी चहाचा, कधी निळसर करडा, कधी त्याला तेलाची साय. वरच्या अंगाला कारखान्यांचे पाईप होते. ते कोणाचे हे विचारलं की काठावरचे लोक दुसरीकडे बघत. मेलेली डुकरं फुगून यायची. गाद्या यायच्या, आतला कापूस बाहेर आलेल्या. देवाचे फोटो यायचे, काचेसकट. घरात भंगलेला देव ठेवत नाहीत, तो गटारात चालतो. कोंबड्यांची पिसं एका जागी एवढी साचली होती की पाय ठेवला तर गादीसारखी दबत, आणि खालून काहीतरी कोमट पिचकन वर येई.

लग्नसराईच्या दिवसांत पत्रावळी आणि थर्माकोलच्या वाट्या वाहत यायच्या. एकदा मी एका वाटीचा फोटो काढला आणि घरी मोठा करून पाहिला, तर काठाला सोनेरी फुलांची वेल. त्या वाटीत मी आठवड्यापूर्वी बासुंदी खाल्ली होती. त्याच लग्नात मी फोटो काढले होते. नवरा-नवरीला लॉनवर उभं करून ‘जरा हसा’ म्हणालो होतो, आणि मागून त्याच लॉनचा ट्रॅक्टर नदीकडे गेला असणार. किळस त्या दिवशी माझ्या दातांत येऊन बसली. तरी मी ती वाटी फोटोत घेताना काठीनं सरकवून उजेडात आणली होती. हे आठवतं.

पुलाच्या खालच्या अंगाला तेव्हा भाजीचे मळे होते. त्यातला एक या बाईचा. मी तिला काकू म्हणत असे. तिच्या पोरीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते, त्यामुळे ती मला दुरून पाहिलं की हात वर करी. “या भाऊ, आज कोनतं मढं भेटलं?” हा तिचा नेहमीचा प्रश्न. मी नदीतली घाण टिपतो याची तिला मोठी गंमत वाटे.

मळ्यात विहीर होती, विहिरीवर मोटार, आणि मोटारीच्या पाईपाखाली सिमेंटचं टाकं. भाजी त्या टाक्यात धुतली जाई. हे सांगणं भाग आहे, कारण अकोल्याच्या बाजारात पालेभाजी घेताना प्रत्येक गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतो: विहिरीची की नदीची? आणि प्रत्येक विकणारी विहिरीची म्हणते. सगळ्याच म्हणतात म्हणून कोणाचाच शब्द धरला जात नाही. काठावरचे काही लोक नदीतच जुड्या बुचकळत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. काकू तसं करत नसे. तिचा त्यावर जीव होता. कोणी शंका घेतली की ती भांडत नसे, म्हणायची, “या उद्या मळ्यात, टाकं पाहून जा.” काही बायका खरंच जाऊन पाहून आल्या होत्या. त्यामुळे तिच्या मुळ्याला, पालकाला बाजारात नाव होतं. सकाळी दहाच्या आत टोपली रिकामी व्हायची.

त्या रविवारी थंडी होती. पाण्यावर वाफ, वाफेत तो फेस. मी गेलो तेव्हा ती टाक्यावर मुळे धूत होती. पाईपातून पाण्याची जाड धार पडत होती, मुळ्याची माती निघून खालून दुधासारखा पांढरा रंग बाहेर येत होता. तो माझा पहिला फोटो. धार, हात, मुळे. साधा, स्वच्छ फोटो. कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही असा.

मी नदीकडे पाहिलं. काळं पाणी, कोवळं ऊन. आणि मुळे पाहिले.

“काकू, त्या दोन जुड्या घेऊन जरा खाली येता का, काठाशी?”

“तथी कायले? टाकं अथी हाय ना.”

“धुवायचं नाही हो. नुसतं धरायचं. तिथं उजेड छान आहे.”

ती हसायला लागली. “पोरीच्या लग्नातबी तुमचं असंच. हे धरा, ते धरा. माह्या बुढ्याले अर्धा घंटा तांब्या धरून उभं केलं होतं तुमी!” आणि जुड्या घेऊन उतरली. दुसरा फोटो तो: उतारावर, एका हातानं पातळ सावरत, तोंडभर हसणारी बाई. तिसऱ्यात ती काठावर उभी आहे आणि नाक मुरडून माझ्याकडे बघते आहे. “लय वास मारून राह्यला बाप्पा. नाक दाबून काढू का फोटो?”

“बसा ना जरा. हां. थोडं पुढे. मान खाली. हात खाली. अजून. टेकवा पाण्याला.”

“भाऊ...”

“एकच मिनिट.”

ती माझ्या पोरीच्या बारशालाही टोपलीभर भाजी घेऊन आली होती. असल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तिनं जुड्या पाण्यात बुडवल्या. चौथा फोटो तो. तुम्ही पाहिला असेल.

एका हौशी मंडळाचं प्रदर्शन होतं, विषय आपलं शहर. मी मोर्णेचे बारा फोटो दिले, पण लोक थांबले ते त्या एकापुढे. बायका तोंडावर हात ठेवून थांबल्या. चार दिवसांनी एका पेपरच्या स्थानिक आवृत्तीतून एका पोरसवदा आवाजाच्या माणसाचा फोन आला.

“सर, जबरदस्त फोटो. छापतोय. ही बाई रोज अशीच धुते ना?”

मी दुकानात उभा होतो. समोर एक गिऱ्हाईक कंगवा फिरवत होतं. मी नाही म्हणू शकलो असतो. ‘अहो, ती पोज आहे,’ एवढं वाक्य. पण ते म्हटलं असतं तर फोटो छापला गेला नसता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी सर म्हणत होतं.

“हो,” मी म्हणालो, “म्हणजे... असंच चालतं इथं.”

दुसऱ्या दिवशी फोटो अर्ध्या पानावर होता. मथळा होता, तुमच्या ताटात मोर्णा. कोपऱ्यात माझं नाव.

बाजारात त्याचं काय झालं हे मला दुसऱ्यांकडून कळलं, कारण मी तिकडे जाणंच बंद केलं. पहिल्या दिवशी कोणीतरी पेपर आणून तिच्या टोपलीवर पसरला. कोणी म्हणालं, टाकं दाखवणारी बाई हीच का? तिनं आधी हसून सांगितलं, अहो, फोटोवाल्या भाऊनं बसवलं मले. तेव्हा लोक आणखी हसले. फोटो खोटा बोलते का, असं एक मास्तर म्हणाले म्हणे. गोंदण तिचं, हात तिचे, मुळे तिचे. तिच्या बाजूच्या दोघी, ज्या खरंच नदीत जुड्या बुचकळत, त्या त्या दिवशी दुपारपर्यंत सगळं विकून गेल्या.

आठवड्यानं ती स्टुडिओत आली, सुनेला घेऊन. मी लॅबचं पाकीट उघडून उगाच फोटो मोजत राहिलो.

“भाऊ, लोक माह्यावर थुकून राह्यले,” ती म्हणाली. रडत नव्हती. खुर्चीवर बसलीही नाही. “तुमी सांगा ना बाजारात येऊन. तुमचा शब्द मानतीन लोक.”

“बघतो काकू. पेपरवाल्यांशी बोलतो.”

“कधी येता?”

“या आठवड्यात.”

 सून भिंतीवर लावलेल्या त्या पेपरच्या कात्रणाकडे बघत होती. हो, मी ते फ्रेम करून लावलं होतं. त्या दोघी त्याच्या खाली उभ्या होत्या.

त्या आठवड्यात मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात मला एका शाळेत नदीवर बोलायला बोलावलं. मग दुसऱ्या शाळेत. मी पडद्यावर तो फोटो लावी आणि दोनशे पोरं एका सुरात ‘ईऽ’ करत. मला ते आवडायला लागलं. माझी किळस त्यांच्या तोंडून बाहेर पडते आहे असं वाटे. नदीला घाण कोण करतं, असं मी विचारी, आणि पोरं पडद्याकडे बोट दाखवत. पडद्यावर कारखान्याचा पाईप नव्हता, लॉनचा ट्रॅक्टर नव्हता, मी नव्हतो. एक म्हातारी होती, मुळे धरून बसलेली. मी त्यांचं बोट खाली केलं नाही. शाल घेतली, नारळ घेतला, घरी आलो.

बायकोची नोकरी अमरावतीला आली तेव्हा मी दोन दिवसांत स्टुडिओ आवरला. लोकांना सांगितलं की अकोल्यात धंदा राहिला नाही. अमरावतीत कोचिंग क्लासच्या रस्त्यावर मी दुकान टाकलं. परीक्षेच्या फॉर्मसाठी पोरं येतात, पांढऱ्या पडद्यापुढे बसतात, मी म्हणतो, हनुवटी खाली. अंबा नाल्यावरून जाताना मी दुसरीकडे बघतो.

तरी मोर्णा सुटली नाही. महिन्यातून एखादा रविवार मी अकोल्याला जाई, पुलावरच्या त्याच जागेवर उभा राही आणि एक फोटो काढून जुन्या शहरात पाऊल न टाकता परत येई. घरी ते फोटो एकामागे एक लावले तर नदी हलताना दिसते. जलकुंभी जाते, येते, जाते. एकदा सगळं शहर हातमोजे घालून उतरलं होतं. ढीग निघाले, काठावर रचले गेले, आणि पहिल्या पुरात परत आत गेले. मग काठाला सिमेंटची भिंत आली. भिंतीमागे पदपथ, बाक, दिवे, आणि शहरावर प्रेम असल्याचं सांगणारी मोठी रंगीत अक्षरं. लोक नदीकडे पाठ करून तिथं सेल्फी काढतात आणि निघताना रुमाल नाकाला लावतात. पाणी तेच आहे. आता ते नीट चौकटीत आहे, इतकंच. भिंतीत गोल भोकं ठेवली आहेत आणि त्यांतून ते काळं पाणी शिस्तीत पडतं.

मळे एकेक करून गेले. काकूचा मळा कधी गेला तेही माझ्या फोटोत आहे. एका हिवाळ्यात तिथं वाफे नाहीत, नुसती गाजरगवताची दाटी. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीत पाडलेल्या घरांचा मलबा ओतलेला, वर एक तुटकं कमोड. टाक्याची एक भिंत बरेच दिवस उभी होती. मग तीही नाही.

हे सगळं मी बायकोला त्या संध्याकाळी सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही. त्या सकाळचा पाचवा फोटो.

चौथा काढून मी कॅमेरा खाली घेतला. काकू उठली. तिनं हातातल्या जुड्यांकडे पाहिलं, पाला काळा झाला होता, मुळ्यांवरून तेलकट थेंब ओघळत होते. आणि तिनं त्या दोन्ही जुड्या काठावरच्या उकिरड्यावर भिरकावून दिल्या. घरी नाही नेल्या, टोपलीत नाही टाकल्या, शेरडालाही नाही. मग दोन्ही हात असे लांब धरून, जसे काही ते दुसऱ्याचे आहेत, ती टाक्याकडे गेली आणि राखेनं कोपरापर्यंत हात घासले. माझ्या हातानं सवयीनं बटण दाबलं होतं. पाचव्या फोटोत जुड्या हवेत आहेत, आणि तिच्या तोंडावर जी किळस आहे तशी किळस मला नदीचे हजार फोटो काढूनही कधी टिपता आली नाही. अख्ख्या काठावर त्या पाण्याची खरी किळस असलेलं ते एकच माणूस होतं. तेच मी घाण म्हणून दाखवलं.

पाचही फोटोंवर वेळ आहे. सगळे मिळून सहा-सात मिनिटांतले. कुठल्याही दिवशी ते बाजारात नेऊन दाखवले असते तर विषय मिटला असता. ते माझ्या कपाटात होते. मी घर बदललं तेव्हा स्वतःच्या हातानं बांधून आणले.

शेवटी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, “मोठे करून आना पाचही. अन् मी येतो संग.”

आम्ही बसनं गेलो.  जुन्या शहरात विचारत विचारत एका गल्लीच्या तोंडाशी काकूची हातगाडी सापडली. सून उभी होती, बाजूला रिकाम्या खोक्यावर काकू बसली होती. खूप वाळली होती. गाडीवर कांदे होते, लसूण होता, बटाटे, आलं. हिरवं पान एकही नाही. धुवावं लागेल असं काहीच नाही. मला ते कळायला एक क्षण लागला.

सुनेनं मला लगेच ओळखलं. “आले का पेपरवाल्याशी बोलून?” ती म्हणाली. “लय वर्षं लागली. गाडी पंचर झाली होती का?”

मी पाकीट काकूच्या मांडीवर ठेवलं. तिनं चष्मा पदरानं पुसला आणि एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. टाक्यावरचा पाहून म्हणाली, “माही मोटार.” हसणारा पाहून सुनेला दाखवला. “दात होते पाह्य तवा.” चौथा तिनं न बघताच मागे घातला. पाचव्यावर ती थांबली.

फोटो उजेडाकडे वळवला.

“हा तुमी काढला होता?”

“हो, काकू.”

“मंग तुमी पाह्यलं होतं मले फेकतानी.”

“हो.”

तिनं फोटो मांडीवर पालथा ठेवला. “मी समद्याले सांगत होती,” ती हळूच म्हणाली, “का भाऊचा दोष नाही. भाऊ फोटो काढून पुढं निघून गेल्ता, त्यानं पाह्यलंच नाही मी मुळे फेकले ते. पाह्यलं असतं तं बोलला असता, असा नाही तो मानूस.”

मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल, किंवा, खरं सांगतो, माफ करेल. इतकी वर्षं तिनं मला माफच केलेलं होतं, आणि पाचवा फोटो पाकिटात घालून ती माफी मी माझ्याच हातानं मोडली होती. माझी बायको खाली तिच्या खोक्याशी बसली आणि म्हणाली, “काकू, मी तुमच्या तोंडावर पदर लावला होता नाकाले.” काकू म्हणाली, “सगळ्याच लावत होत्या बाई. एकटी तू थोडीच.”

सून गाडीमागून पुढे आली. तिनं पहिला आणि पाचवा फोटो उचलला आणि माझ्या हातात दिला. “आता बोला. अथी उभं राहून. तवा येतो म्हनले होते ना? मंग बोला.”

सकाळची गर्दी होती. मी गाडीशेजारी उभा राहिलो, हातात दोन फोटो. आयुष्यभर लोकांना उभं केलं, मला कोणी असं उभं केलं नव्हतं. मी म्हणालो, “ऐका हो, ह्या काकूंनी कधी नदीत भाजी धुतली नाही. तो फोटो खोटा होता. मी काढला होता.” कोणी वळलं नाही. पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. दोघं-तिघं थांबले. एकजण म्हणाला, कोणता फोटो? दुसरी बाई पिशवी उघडून पुढे आली. ती काकूच्या वयाची असावी. तिनं फोटोकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं. “हो, ते मुळ्याचं,” ती म्हणाली. “म्हणून तर आमी इच्यापासून पाला घेत नाही.” आणि मग सुनेला, “लसूण कसा दिला?”

“पाला नाहीच ना आता,” सून म्हणाली. तराजू उचलून तिनं लसूण तोलला.

मी तिसऱ्यांदा बोलायला तोंड उघडलं. काकूनं खोक्यावरूनच हात वर केला, पूर्वी मळ्यातून करायची तसा, पण थांबवायला.

“बोलले तुमी. झालं,” ती म्हणाली. “आता सरका जरा भाऊ, गिऱ्हाईक येऊन राह्यलं.”

मी सरकलो. पाचवा फोटो तिनं ठेवून घेतला, बाकीचे चार परत दिले. परत येताना पुलावर बायको थांबली नाही, मीही थांबलो नाही. कॅमेरा बॅगेतच होता. खालून वास येत होता.